पत, हिशोब आणि कळवळा

(राजूर, ता. वणी येथे जिल्हा बैठकीला जोडून झालेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



मला विषय दिला आहे, ‘आपली बाजू कशी मांडावी’. फळ्यावर हा विषय लिहिलेला पाहून मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, “बोलाचं काय शिकवता जी? बोलता तं आमाले येतेच.”

काका, तुमचं खरं आहे. पारावर बसलं की आपल्यासारखा वक्ता दुनियेत नाही. काट्यावर कापूस कसा मारला, ग्रेडरनं बोट लावून प्रत कशी पाडली, हे आपण चहाच्या टपरीवर असं सांगतो की ऐकणारा हातातला कप खाली ठेवतो. पण हाच माणूस साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला की काय होतं? एक तर तो हात जोडून म्हणतो, “साहेब, आमच्याकडं लक्ष असू द्या.” नाही तर एकदम भडकतो आणि अर्ध्या तासाची शिवीगाळ करून बाहेर येतो. पहिल्याला साहेब विसरतात आणि दुसऱ्याला बाहेर काढतात. दोघांचाही कापूस त्याच भावानं जातो.

म्हणून आजचा विषय बोलण्याचा नाही, पटवण्याचा आहे.

माझी वीस मिनिटे आणि तिची चार

आधी माझीच फजिती सांगतो. बरीच वर्षे झाली. एका कोळसा खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी होती. मांडव टाकलेला, साहेब लोक मंचावर, कंपनीची माणसे पहिल्या रांगेत. मी वीस मिनिटे बोललो. निषेध केला, धिक्कार केला, इंग्रजांपासून आजपर्यंतचा इतिहास सांगितला. टाळ्या पडल्या. पोरांनी घोषणा दिल्या. मी खाली आलो तेव्हा छाती दोन इंच फुगलेली होती.

माझ्यानंतर एक बाई उठली. शाळा किती शिकली होती ते मला ठाऊक नाही, पण फार नसावी. तिच्या हातात दोन पिशव्या होत्या. तिने दोन्ही टेबलावर ओतल्या. दोन ढीग, कापसाचे. ती म्हणाली, “हा कापूस रस्त्याच्या कडच्या वावरातला. हा नाल्यापल्याडच्या वावरातला. दोन्ही वावरं माहीच. बियाणं एक, पेरा एका दिवसाचा, खत एक. हा पांढरा अन् हा काळा कायनं झाला ते सांगा.” मग कनवटीची घडी सोडून तिने दोन हिशोबपट्ट्या काढल्या. “एकाच दिवशी, एकाच जिनिंगवर नेला. दोन भाव भेटले. ह्या पट्ट्या.” एवढे बोलून ती खाली बसली. चार मिनिटेही झाली नसतील.

साहेबांनी खुर्चीतून उठून तो कापूस हातात घेतला. बोटांना काळे लागले. त्यांनी रुमाल काढून बोटे पुसली आणि रुमालही काळा झाला. सगळ्या मांडवाने ते पाहिले.

सुनावणीचे नियम तुम्हाला ठाऊक असायला पाहिजेत. शेवटी सगळे इतिवृत्त लोकांसमोर मराठीत वाचून दाखवावे लागते. ते वाचले गेले. माझ्या वीस मिनिटांचे झाले एक वाक्य : ‘एका ग्रामस्थाने प्रकल्पास विरोध दर्शविला.’ त्या बाईचे म्हणणे अर्धे पान होते. गाड्यांवर ताडपत्री आणि रस्त्यावर पाणी मारणे याबद्दल कंपनीला लेखी उत्तर द्यावे लागले. धूळ त्यानंतर पूर्ण थांबली असे मी म्हणणार नाही. पण जे कागदावर आले, त्याच्यासाठी पुढे भांडता आले. माझा धिक्कार मांडवातच राहिला.

त्या दिवसापासून मी विचार करतो आहे, की बाईने असे काय केले जे मला जमले नाही?

तिफणीचे तीन फण

ग्रीस देशात ॲरिस्टॉटल नावाचा पंडित होऊन गेला, येशू ख्रिस्ताच्याही सव्वातीनशे-साडेतीनशे वर्षे आधी. त्याने वक्तृत्वावर ग्रंथ लिहिला. तो म्हणतो, माणसाला पटवायचे तीन रस्ते आहेत. एक, बोलणाऱ्याबद्दलचा विश्वास. दोन, ऐकणाऱ्याच्या मनातली भावना. तीन, मुद्द्यातला तर्क. आपल्या भाषेत मी त्याला म्हणतो पत, कळवळा आणि हिशोब.

ज्वारी पेरताना आपण तिफण वापरतो. तिला तीन फण. एखादी नळी चिखलाने बुजली तर पेरताना कळत नाही. बैल चालतात, चाड्यावर मूठ चालते, सगळे ठीक वाटते. आठ दिवसांनी उगवण झाली की दिसते, दर तिसरे तास रिकामे! भाषणाचेही तसेच आहे. टाळ्या पडतात तेव्हा काही कळत नाही. उगवण पाहिली की कळते. माझ्या भाषणात कळवळ्याचा एकच फण चालू होता, तोही नुसताच ओरडत होता. बाकी दोन बुजलेले. त्या बाईचे तिन्ही फण मोकळे होते.

पत

पहिला फण पत. पत नसेल तर बँक कर्ज देत नाही आणि ऐकणारा कान देत नाही.

गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातले. शेंडगावात १८७६ साली जन्मले. अंगावर चिंध्या, हातात खराटा. गावात आले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. लग्नासाठी, सणासाठी कर्ज काढू नका हे सांगायचा अधिकार कीर्तनाच्या आधीच, दिवसभरात, त्या खराट्याने मिळवलेला असे. शिवाय बाबा उपदेश करत नसत. ते प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढत. लोकांनी स्वतःच दिलेले उत्तर लोक नाकारणार कसे?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. पहिल्या झटक्याला मागणी केली नाही. आधी आपला अनुभव सांगितला, की पुणे आणि आसपासच्या खेड्यांतले मला माहीत आहे, मुलींची शाळा मी काढली, मी आणि माझी पत्नी तिथे कित्येक वर्षे शिकवत होतो. मग मुद्दा मांडला, की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गावर. हा मुद्दा दुसऱ्या कोणी मांडला असता तर ती तक्रार ठरली असती. फुल्यांनी मांडला तेव्हा ती साक्ष झाली.

शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आले. चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती केली, नुकसान स्वतः सोसले आणि मग कांद्याच्या भावाबद्दल बोलायला उभे राहिले. त्यांची सगळी मते कोणाला पटोत न पटोत, ‘तुम्हाला शेतीतले काय कळते’ असे त्यांना कोणी म्हणू शकले नाही.

तुम्ही म्हणाल, ही मोठी माणसे. आमची पत कुठून आणायची? पत तुमच्या सातबाऱ्यावर आहे. उभे राहिलात की सांगा, माझे नाव हे, गट नंबर हा, जमीन इतके एकर, खाणीपासून इतकी दूर, इतकी वर्षे कसतो आहे. अर्ध्या मिनिटाचे काम, पण साहेबाला कळते की हा ऐकीव बोलत नाही.

आणि पत कशाने जाते तेही सांगतो. फुगवण्याने जाते. पाच क्विंटल पिकले आणि दहा सांगितले, तर समोरचा तेवढा एक आकडा धरतो, तलाठ्याचा कागद काढतो आणि तुमचे नव्याण्णव खरे मुद्दे त्या एका खोट्यात बुडतात. उलट आपल्या बाजूची कमतरता आपणच आधी सांगावी. त्या बाईने म्हटले होते, “औंदा पाऊसही कमी होता, ते दोन्ही वावराले सारखंच.” कंपनीचा वकील जे बोलणार होता तेच तिने आधी बोलून टाकले. बिचारा तोंड उघडून बसला!

हिशोब

दुसरा फण हिशोब. आपण इथे सगळ्यात कच्चे आहोत, आणि समोरचा सगळ्यात पक्का.

कापसाच्या हमीभावाचेच घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याला क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाले. तुम्ही उठून ओरडलात, “सरकार दीडपट भाव देतो म्हणते, खोटं बोलते!” साहेब शांतपणे कागद काढतो. उत्पादन खर्च ५,१४० रुपये. त्याची दीडपट ७,७१०. बरोबर आहे का? बरोबर आहे. तुम्ही बसलात खाली.

आता हेच हिशोबाने मांडू. ओरडू नका, विचारा. “साहेब, ७,७१० ही कोणत्या खर्चाची दीडपट?” उत्तर येईल, बियाणे, खत, औषध, मजुरी, असा रोखीचा खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत. “त्यात माझ्या स्वतःच्या जमिनीचा खंड धरला आहे का? माझ्या बैलजोडीत, विहिरीत, अवजारात अडकलेल्या पैशाचे व्याज धरले आहे का?” नाही. तो खर्च धरणारी पद्धत वेगळी आहे, तिला सी-टू म्हणतात. ती सरकारच्याच कृषिमूल्य आयोगाच्या अहवालात दिलेली असते. “मग साहेब, शहरातला दुकानदार आपल्या गाळ्याचे भाडे आणि भांडवलाचे व्याज धरूनच भाव लावतो ना? मग शेतकऱ्याचे का वगळले?” आता बघा, तुम्ही सरकारला खोटे म्हटले नाही. त्याचाच आकडा घेतला, त्याचाच अहवाल घेतला आणि प्रश्न त्याच्या अंगणात टाकला. आता घाम त्याला फुटतो.

हिशोबाच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, आकडा थोडा सांगा, पण स्वतःचा सांगा. समजा रस्त्याकडेच्या चार एकरांत वीस क्विंटल कापूस झाला आणि धुळीमुळे क्विंटलमागे तीनशे रुपये कमी मिळाले. नुकसान सहा हजार. हा लहान आकडा आहे, पण त्याच्या मागे पट्टी आहे. ‘कोट्यवधींचे नुकसान’ हा मोठा आकडा आहे, पण त्याच्या मागे काही नाही. वीस शेतकऱ्यांनी अशा वीस पट्ट्या जोडल्या की मोठा आकडा आपोआप उभा राहतो.

दुसरी, समोरच्याला जे ठाऊक आहे ते सांगण्यात वेळ घालवू नका. ‘शेतकरी जगाचा पोशिंदा आहे’ हे साहेब लहानपणापासून ऐकत आला आहे, ते ऐकताना तो फोन बघतो. जे त्याला ठाऊक नाही तिथून सुरुवात करा.

तिसरी, मागणी त्याच्या हातातली असावी. जिल्हाधिकारी कापसाचा हमीभाव वाढवू शकत नाही, तो निर्णय केंद्र सरकारचा. पण खरेदी केंद्र कधी सुरू होते, पंचनामा होतो की नाही, रस्त्यावरच्या गाड्या झाकलेल्या आहेत की नाही, हे तो बघू शकतो. सीसीआयचा पूर्ण हमीभाव आठ टक्के ओलाव्यापर्यंत मिळतो, पुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात आणि बाराच्या वर खरेदीच नाही. ओलावा मोजणारे यंत्र आमच्यासमोर लावा आणि आकडा पावतीवर लिहा, ही मागणी केंद्रावरचा माणूससुद्धा त्याच दिवशी मान्य करू शकतो. ज्याच्याकडे चावी नाही त्याच्याकडे कुलूप घेऊन जाऊन काय उपयोग?

कळवळा

तिसरा फण कळवळा. आता जे सांगतो ते सांगायला मला जड जाते.

हे राजूर आहे. इथल्या माणसाला चुना शिकवायला नको. भट्टीतून निघालेला कळीचा चुना कसा असतो? नुसता हातात धरला तर हात भाजतो. त्यावर पाणी टाकले की तो फसफसतो, उकळतो, वाफा सोडतो. मग शांत होतो, आणि तोच चुना भिंतीला लागतो. आपला राग हा कळीचा चुना आहे. भट्टी खरी आहे, राग खरा आहे. पण तो तसाच नेऊन साहेबाच्या अंगावर फेकलात तर भाजतो आपलाच हात. घरी पाणी घाला, रात्रभर विझू द्या, सकाळी घेऊन जा.

दुःखाचे तर आणखी जपून. काही वर्षांपूर्वी एका सभेत मी एका ताईंना मंचावर बोलावले. त्यांच्या मालकांनी कर्जापायी औषध घेतले होते. मी माईक हातात दिला. त्या दोन वाक्ये बोलल्या आणि रडू लागल्या. सभा रडली. मग मी माईक घेतला आणि त्या रडण्यावर माझे भाषण चढवले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सभा संपल्यावर त्यांना सोडायला गेलो, तेव्हा त्यांनी मला एवढेच विचारले, “भाऊ, लोकायनं टाळ्या कायले वाजवल्या?”

मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही.

याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. २०१७ पासून अनेक जण त्या तारखेला एक दिवस अन्नत्याग करतात. तो दिवस मला मोलाचा वाटतो. तिथे कोणाच्या दुःखावर कोणी भाषण चढवत नाही. ज्याला दुःख कळले तो स्वतः उपाशी राहतो. कळवळा म्हणतात तो हा. दुसऱ्याचे अश्रू विकायला काढणे म्हणजे कळवळा नव्हे, तो धंदा झाला. आणि आपल्या मालाला भाव नाही म्हणून आपले दुःख बाजारात मांडायची पाळी आली, तर त्याचाही भाव एक दिवस पडतो. पडलाही आहे. आत्महत्येची बातमी पेपरच्या पहिल्या पानावरून आतल्या पानावर गेली, ती का गेली याचा विचार करा.

मग कळवळा आणायचा कसा? दाखवून. सांगून नव्हे. १८८८ साली पुण्यात राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी मेजवानी होती. सगळे जरीचे अंगरखे आणि दागिने घालून आलेले. महात्मा फुले साध्या शेतकऱ्याच्या वेशात आले. मग बोलले, की या दागिन्यांवरून हिंदुस्थान ओळखू नका, खेड्यात जाऊन बघा, आणि रयतेला शिकवा. बोलण्याआधी अर्धे भाषण वेशाने केलेले होते. कापसाचे दोन ढीग मांडणाऱ्या त्या बाईने तरी दुसरे काय केले? ती रडली नाही. साहेबाचा रुमाल काळा झाला, तेवढे पुरले.

एक कसोटी देतो. ज्याच्या दुःखाबद्दल बोलता तो माणूस समोर बसला आहे असे धरून बोला. त्याची मान खाली जाईल असे एकही वाक्य नको.

वाफसा

तिन्ही फण ठीक असले तरी वाफसा नसेल तर पेरणी साधत नाही. चिखलात पेरले तर कुजते, कोरड्यात पेरले तर किडे-मुंग्या खातात. बोलण्यालाही वाफसा लागतो.

२००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, त्यातले एक पत्र स्थानिक भाषेतले. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत बघायला ठेवावा लागतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाखाली नसलेला अधिकारी असतो. किती लोक आले पाहिजेत याला कोरमची अट नाही. म्हणजे तुम्ही नाही गेलात तरी सुनावणी झाली असेच धरले जाते! बहिष्कार टाकून घरी बसणाऱ्यांनी हे पाटीवर लिहून ठेवावे. तेव्हा तीस दिवस हातात आहेत. आपण जागे होतो एकोणतिसाव्या दिवशी संध्याकाळी. सूचना आली त्याच दिवसापासून पट्ट्या गोळा करा, फोटोवर तारीख टाका, म्हणणे एका पानावर लिहा, दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते. पोच असलेला कागद पाच वर्षांनी कोर्टातसुद्धा बोलतो.

आणि तालीम करा. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना फुल्यांनी तो आधी ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्याला सयाजीराव गायकवाड महाराजांनीही ऐकला. एवढ्या मोठ्या माणसाला तालमीची लाज वाटली नाही. आपल्याला का वाटावी? घरच्या बाईला वाचून दाखवा. जिथे ती म्हणेल, “हे नाही समजलं,” ते वाक्य खोडा.

शेवटचे

कोणी म्हणेल, हे सगळे युक्तीचे बोलणे झाले, आपली बाजू खरी असली की पुरे. भावांनो, खरी बाजू आपोआप जिंकत असती तर आपल्यावर ही वेळ आली नसती. सरकीसुद्धा खरीच असते. जमिनीवर फेकून दिली तर उगवत नाही, माती लावावी लागते. पण हेही तितकेच खरे, की भेसळीचे बियाणे कितीही नीट पेरले तरी पीक भेसळीचेच येते. पत, हिशोब आणि कळवळा ही खरे पेरायची तिफण आहे. खोट्यासाठी ती वापरायला जाल तर एक हंगाम साधेल, पुढे गाव तुम्हाला वावरात उभे करणार नाही.

आता जेवणानंतर चार-चार जणांचे गट करू. प्रत्येकाने आपल्या गावचा एकच प्रश्न घ्यायचा आणि चार मिनिटांत मांडायचा. मी कोण हे अर्ध्या मिनिटात, हिशोब दोन मिनिटांत, दाखवायची वस्तू एक, आणि शेवटी मागणी एका वाक्यात, ती कोण पूर्ण करू शकतो त्याच्या हुद्द्यासकट. गटातला एक जण साहेब होईल आणि आडवे प्रश्न विचारेल. मागच्या रांगेतले काका, तुम्ही पहिले साहेब व्हा. तुम्हाला बोलायला येतेच, आता ऐकायला कसे येते ते बघू.

आणि एक नियम. आज संध्याकाळपर्यंत इथे टाळ्या वाजवायच्या नाहीत. मुद्दा पटला तर वहीत लिहून घ्यायचा.